बॉयलरला भोक

गोष्ट २०१९ सालची. फेब्रुवारीत पुणतांब्याच्या विजयमालाबाईंची करडी कोंबडी मुंगसानं नेली. मागे राहिली तिच्याखालची नऊ अंडी. कोंबडी त्यांच्या आईनं पाळलेल्या वाणाची. आई गेली, माहेरचं घरही विकलं गेलं. माहेराचं म्हणून जे उरलं होतं, ते आता या नऊ अंड्यांत होतं.

"रडू नगंस," भागवतराव बायकोला म्हणाले. "मी उबवितो."

त्यांची तीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली होती. पोल्ट्रीवाल्या हनुमंतानं बल्ब लावलेली थर्माकोलची पेटी दिली. तिला चार भोकं होती. ती पाहून भागवतरावांचा चेहराच उतरला.

"बॉयलरला भोक ठेवत्यात व्हय? समदी ऊब वाया!"

चारही भोकं त्यांनी कणकेनं लिंपली, वर चिकटपट्टी मारली. आतल्या तापमापकाचा काटा जागचा हलेना. विजयमालाबाईंना नवऱ्याचं इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी वरून घोंगडीही टाकली. अंडी फिरवायला दिवसातून दोनदा झाकण उघडे, तेवढाच काय तो वारा.

एकविसाव्या दिवशी तीनच अंडी फुटली. पिल्लं श्वास घेत, आणि मध्येच विसरल्यासारखी थांबत. पहिलं थांबलं तेव्हा भागवतरावांनी लिंबाखाली खड्डा खणला. मूठभर माती पडताच पिल्लू चिवचिवलं.

"अगं, जित्तं हाय!"

दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानंही तेच केलं. तेव्हा भागवतराव खड्डा बुजवायला लागले.

"ऱ्हाऊ द्या," विजयमालाबाई म्हणाल्या. "लागंल."

शेवटी गुरांचे डॉक्टर अवधूत आले. त्यांनी पेटी उलटसुलट पाहिली.

"भोकं कुणी बुजवली?"

भागवतराव लिंबाकडे बघत राहिले.

"काका, अंड्यातलं पिल्लू कवचातून हवा घेतं. तिथंच ती कमी पडली, की श्वास कधी घ्यायचा याची घडी पुढं नीट बसत नाही."

"मंग आता?"

"थांबलं की बोटानं हलवायचं. टिकलं तर टिकलं."

"त्याची मला सवय हाय," विजयमालाबाई म्हणाल्या. "हे बी दुपारचं घोरता घोरता असंच थांबत्यात. पस्तीस वर्सं कोपर मारतीया."

डॉक्टर हसता हसता थांबले. "काका, एकदा नगरला दाखवून या."

"मला काय धाड भरलीय?"

दोन पिल्लं आठवड्यात गेली. खड्डा लागलाच. तिसऱ्याजवळ विजयमालाबाई दिवसभर बोट घेऊन बसत. चैत्रातल्या एका दुपारी भागवतराव बाजेवर झोपेतच गेले. त्या वेळी त्या अंगणात पिल्लाला हलवत होत्या.

डॉक्टरांची अकोल्याला बदली झाली. हनुमंत आता पेटी देताना भोकांशेजारी लाल रंगानं 'बुजवू नये' असं लिहून देतो. त्या पिल्लाची मोठी कोंबडी झाली, वाण राहिला. विजयमालाबाई अंडी आता तिच्याच खाली ठेवतात. दुपारी आडव्या झाल्या, की त्यांचं कोपर अजून शेजारच्या रिकाम्या बाजेवर आपटतं.