दगड गरम हाये अजून

आमचे रंगनाथदाजी जंगलात चालता चालता एखाद्या दगडाजवळ एकदम थांबायचे. मागच्या माणसांना हातानंच गप करायचे. मग खाली बसून तळहात दगडावर ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि डॉक्टर नाडी बघतो तेवढा वेळ घेऊन म्हणायचे, "आत्ताच उठून गेला. दगड गरम हाये अजून."

कोण उठून गेला? बिबट्या!

आता हे सगळं कधी, तर मे महिन्यात, भर दुपारी, भोकरदनच्या वरच्या डोंगरात. त्या वेळी तिथल्या दगडावर भाकरी टाकली तर पापुद्रा सुटेल. त्यावर बिबट्या बसला काय आणि न बसला काय! पण असं म्हणायची कुणाची छाती व्हायची नाही. एकूण एक पाहुणा वाकायचा, दगडाला हात लावायचा, चटका बसला की झटकन उचलायचा आणि म्हणायचा, "हो की वो!" एकदा खात्याचे कुणी साहेब आले होते, त्यांनीसुद्धा हात लावून मान डोलावली. वाद घालणारा मी एकटाच.

"दाजी, मे महिन्यात दगड गरमच असतो."

"तुमच्या जालन्याचा दगड येगळा, पाव्हणे. ह्यो येगळा."

झालं. संपला विषय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कौसाक्काचे मालक. डोंगराच्या पायथ्याला गाव, थोडं कोरडवाहू रान. रब्बी उरकली की उन्हाळाभर जंगल खात्यात रोजावर राखणदार. गवताला आग लागू द्यायची नाही आणि कुणाला लाकूड तोडू द्यायचं नाही, एवढंच काम. मिरग लागला की नोकरी संपली. पण खाकी शर्ट बारा महिने अंगात. लग्नाच्या पंगतीतही तोच. वाढप्यानं "पाव्हणे, बुंदी?" विचारलं तर हे आधी छातीवरचं बटण लावणार आणि मग "वाढा" म्हणणार.

खात्यानं त्या डोंगराला 'वनउद्यान' असं भारदस्त नाव दिलं होतं. पायथ्याला दगडी खांब, त्यात लोखंडी फाटक, फाटकावर पाटी आणि पाटीवर वाघ. वाघ गावातल्याच पेंटरनं काढलेला, त्यामुळं त्याला मिशा माणसासारख्या पिळदार होत्या. फाटकाला कुलूप. आणि कुंपण? कुंपण न्हाईच! त्याची मंजुरी यायची होती. फाटकाच्या दोन्ही बाजूंनी गावातल्या शेळ्या खुशाल आत-बाहेर करायच्या. दाजी मात्र कंबरेची किल्ली काढणार, कुलूप उघडणार, आम्हा सगळ्यांना एकेक करून आत घेणार आणि पुन्हा कुलूप लावणार.

"कशाला लावता दाजी?"

"जनावर भायेर जाईल."

फाटकाच्या आत गेलं की दाजींचा आवाज बसायचा. घरी हा माणूस कौसाक्काला चहा मागायचा तर वेशीपर्यंत ऐकू जायचं. इथं सगळं कुजबुजीत. बायकांनी बांगड्या वर सारायच्या. लाल लुगडं असलं तर पदर उलटा घ्यायचा. खोकायचं तर बिलकुल नाही. "खोकला आला तर गिळायचा. जनावर ऐकून राह्यलंय." खोकला कसा गिळतात ते आम्ही त्या डोंगरात शिकलो.

तिथं माणसं न्यायचा ठेका माझ्याकडं होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचे झाडून सगळे नातेवाईक माझ्याकडं उतरायचे, कारण मी जालन्यात, स्टेशनाजवळ राहायचो. आमच्या नळाला पाणी कधी येईल ते नळालाही ठाऊक नसायचं. दोन दिवसांत घरातले हंडे तळाला लागले की मी म्हणायचो, "चला, वाघ दाखवतो," आणि सगळी वरात एसटीत घालून दाजींच्या गळ्यात बांधायचो. दाजींना कोण आनंद! पाहुणे दिसले की त्यांची चालच बदलायची.

एकदा परभणीच्या मावशी आल्या. वजनदार बाई, गुडघे गेलेले. दाजींनी त्यांना उन्हातून तीन टेकाडं चढवली आणि दगडाला हात लावला.

"आत्ताच उठून गेला, मावशी."

"आरं मंग थांबवायचा की त्याला!" मावशी कडाडल्या. "एवढी मी परभणीहून आल्ते. त्याला काय घाई झाल्ती?"

दाजी गंभीरपणे म्हणाले, "पुढल्या साली या. तवा थांबवतो." आणि गंमत अशी, की मावशी खरंच पुढल्या साली आल्या. गुडघ्यांना तेल लावून.

मला या सगळ्याचं हसू यायचं, पण एका बाबतीत मात्र धास्ती वाटायची. ती म्हणजे अशोकराव.

अशोकराव दाजींचे जावई. दाजींना एकुलती एक लेक, मंदा. ती दिली पिंपरीला. अशोकराव कारखान्यात कामाला, वर्षातून एकदाच काय ती आठ-दहा दिवसांची रजा. माणूस वाईट नाही, पण हौशी. मंदीची सासू तिला एकटीला एसटीत बसू द्यायची नाही. म्हणजे अशोकराव आले तर मंदी माहेरी येणार, न आले तर नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दोन दिवस ओट्यावर बसून घाम पुसला आणि मंदीला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्याकडं आहे काय? ऊन आणि दगड. पुढल्या वर्षी आपण गोव्याला जाऊ."

आत चुलीपुढं बसलेल्या कौसाक्काचा हात तव्यावरच थांबला. मंदी खाली मान घालून ताटातले खडे निवडत राहिली. दाजींनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि सहज बोलल्यासारखं बोलले, "जावईबापू, तुम्ही बिबट्या पाह्यलाय का कधी?"

तिथून सुरू झालं. अशोकरावांनी कॅमेरा घेतला. मग लांबची लेन्स घेतली. कारखान्यातल्या दोस्तांना सांगून ठेवलं, की सासऱ्याच्या जंगलातल्या बिबट्याचा फोटो काढून घरात भिंतीवर लावणार. दर मे महिन्यात ते मंदीला घेऊन यायचे, दाजी त्यांना भर दुपारी डोंगरात न्यायचे, दगडाला हात लावायचे आणि घरी आणायचे. रोल भरायचा तो माकडांनी, मोरांनी आणि फाटकावरच्या मिशाळ वाघानं.

हे किती वर्षं चालणार? मला भीती हीच, की एक दिवस या माणसाचं टाळकं सटकणार, आणि त्याची शिक्षा मंदीला होणार. मी दाजींना कितीदा बजावलं, "दाजी, एकदा दाखवून टाका हो त्यांना! इथं बिबट्या आहे का नुसत्याच बाता?"

"हाये. बराबर हाये."

"मग दिसत का नाही?"

"जनावर हाये ते. एसटी न्हाई, टायमाला यायला."

आणि व्हायचं तेच झालं. एका वर्षी अशोकराव आले ते नवा रोल आणि चढलेला पारा घेऊनच. पहिल्याच दुपारी दाजींनी दगडाला हात लावला, तर अशोकराव वाकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "आबा, पुरे झालं. दुपारी कुठं बिबट्या फिरतो का? मला कारखान्यात एक जण भेटला, तो म्हणाला पहाटे पाणवठ्यावर बसा. उद्या पहाटे बसू. नाही दिसला तर पुढल्या वर्षी आम्ही गोव्याला. गाडीचं रिझर्वेशनच करून टाकतो."

रात्री जेवायला बसलो. मंदी भाकरीचा एकच तुकडा किती वेळ कालवणात फिरवत होती. मला दाजींचा असा संताप आला! थापा मारणारा मारून मोकळा होतो आणि लेकीचं माहेर तुटतं.

पहाटे आम्ही तिघं निघालो. मी हट्टानं गेलो. म्हटलं, आज हा माणूस काय दाखवतो ते बघूच. दाजी पुढं. फाटकाशी मात्र थांबले. अंधारात चाचपून कुलूप उघडलं, आम्हाला आत घेतलं आणि पुन्हा लावलं.

डोंगराच्या घळीत एक झिरा आहे. खडकातून बारीक पाणी पाझरतं, खाली डबकं साचतं. त्याच्या अलीकडं करवंदीच्या जाळीआड आम्ही दबून बसलो. हळूहळू फटफटलं. वारा गार होता. अशोकरावांच्या लेन्सवर धूळ बसली होती. त्यांनी रुमाल काढला आणि कॅमेरा मांडीवर घेऊन, खाली मान घालून पुसायला लागले.

मी सहज समोर पाहिलं.

डबक्याच्या पलीकडं सपाट काळा दगड होता. त्या दगडावर तो पडला होता. पुढचे पाय पसरून, अंगणात म्हातारं माणूस पडतं तसा निवांत. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. आई शप्पथ सांगतो, हाक मारायची म्हटलं तरी आवाज फुटला नसता. मी दाजींकडं पाहिलं. दाजी त्याच्याचकडं बघत होते, पण मी बघत होतो तसे नाही. रोज बसस्टँडवर दिसणाऱ्या माणसाकडं बघावं तसे. मग त्यांनी जावयाकडं पाहिलं. जावई अजून लेन्स पुसत होते. पुन्हा दाजींनी बिबट्याकडं पाहिलं.

आणि ते खोकले.

साधंसुधं नाही, चांगलं घशाच्या तळातून, वेशीपर्यंत ऐकू जाईल असं. इतकी वर्षं आम्हाला गिळायला लावलेले सगळे खोकले त्या एका खोकल्यात असावेत. दगडावरून पिवळं काहीतरी सळकन गेलं. जाळीतलं एक पाखरू ओरडलं. अशोकरावांनी मान वर केली तेव्हा दगड मोकळा होता.

"काय झालं? काय झालं आबा?"

"ठसका लागला. तंबाखूचा."

"दिसलं का काही?"

दाजी उठले. डबक्याला वळसा घालून त्या दगडाजवळ गेले, खाली बसले, तळहात ठेवला, डोळे मिटले. मग म्हणाले, "हात लावा, जावईबापू."

अशोकराव चिडून पुढं झाले. आधी त्यांनी टेकायला बाजूच्या दगडावर हात ठेवला, तो पाझरानं आणि वाऱ्यानं गारेगार. मग या दगडावर ठेवला. आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी हात उचलला नाही. दुसराही ठेवला. शेजारचा दगड पुन्हा चाचपला, पुन्हा हा. "आबा," ते कुजबुजले, आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजले, "खरंच गरम आहे हो. आत्ता होता! आत्ता इथं होता!"

"मी दुसरं काय सांगून राह्यलो इतके साल?"

परतीच्या वाटेवर अशोकराव वाऱ्यावर चालत होते. थोडक्यात हुकला, लेन्स आदल्या दिवशीच पुसून ठेवायला पाहिजे होती, पुढल्या वर्षी मोठी रजा काढू, रोज पहाटे बसू. गोव्याचं नावसुद्धा काढलं नाही. ते पुढं गेल्यावर मी दाजींचा दंड धरला. दाजी वाकून टेंभुरं वेचत होते. दर वर्षी वेचायचे. मला वाटायचं, स्वतःसाठी.

"दाजी, मी पाहिलं. तुम्ही मुद्दाम खोकलात."

ते टेंभुरं रुमालात बांधत राहिले.

"दिसला असता तर काय बिघडलं असतं?"

"फोटो निघाला असता." दाजींनी रुमालाला गाठ मारली. "फोटो निघाल्यावर हितं काय हाये, पाव्हणे? ऊन आन् दगड. मंग मंदीला कोण आणल?"

आता मला सगळ्या दुपारी आठवल्या. बिबट्या दुपारी फिरत नाही हे कारखान्यातल्या माणसाला ठाऊक, आणि जंगलात राहणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल होय? मला इतकं भरून आलं, की मी उगाचच त्यांच्यावर ओरडलो, "मग मला तरी सांगायचं!"

"तुमच्या पोटात ऱ्हायलं नसतं," दाजी म्हणाले. तेही खरंच.

घरी मंदी दाराच्या दगडी पायरीवर बसून होती. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं ओळखलं आणि ती हसली. दाजींनी रुमाल तिच्या ओटीत टाकला. ती तिथंच बसून टेंभुरं खायला लागली, बिया अंगणात फेकत, लहानपणी फेकायची तशी. दाजी तिच्याशी काही बोलले नाहीत. शेजारी बसून राहिले. उरलेल्या दिवसांत दोघं रोज तसंच बसायचे. एवढ्यासाठी सगळा खटाटोप!

मंदी-अशोकराव निघाले त्या दिवशी एसटी दुपारची होती. कौसाक्का रडत रडत फाट्यापर्यंत गेली, तिच्याबरोबर मीही. दाजी गेले नाहीत. "कुलूप बघायचंय," असं काहीतरी पुटपुटले. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी परत आलो, तर दाजी पायरीशी उकिडवे बसलेले. खाकी शर्टाची बटणं उघडी. मंदी बसायची त्या जागेवर तळहात ठेवलेला, डोळे मिटलेले.

माझी चाहूल लागली तरी त्यांनी हात काढला नाही.

"आत्ताच उठून गेली," दाजी म्हणाले.

वर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. माझं नेहमीचं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं, खोकला गिळायचो तसं. त्यांच्या शेजारी बसलो आणि पायरीवर हात ठेवला. चांगलाच चटका बसला.

"हो दाजी," मी म्हणालो, "गरम हाये अजून."