आंब्यावरची तगरीची अळी

सईचं लग्न जमावं म्हणून चिंतामणरावांनी आजवर बऱ्याच थापा मारल्या होत्या, पण अळ्यांची थाप पहिलीच. वाईच्या क्षमाताई म्हणजे निवृत्त शिक्षिका. बागेतल्या झाडांवरच्या अळ्या ओळखायच्या, बरणीत वाढवायच्या आणि कुठल्या अळीतून कुठला पतंग निघाला ते वहीत टिपायचं, हा त्यांचा नाद. त्यांचा मुलगा मुकुल चिंतामणरावांना जावई म्हणून हवा होता.

"अहो, आमच्या सईलाही अळ्यांचं भारी वेड!" ते फोनवर बोलून गेले. "बाग नुसती भरलीय."

"मग रविवारी आधी बागच बघू," क्षमाताई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर चिंतामणरावांना आठवलं की महिन्यापूर्वीच त्यांनी बागेवर औषध मारून घेतलं होतं. सांगलीतल्या त्या बागेत आता अळी सोडाच, मुंगीसुद्धा दिसत नव्हती. आणि सई तर झुरळ दिसलं तरी पलंगावर चढायची.

रविवारी सकाळी ते बरणी घेऊन शेजारच्या साळूबाईंच्या कुंपणाशी उभे राहिले.

"आवं, अळ्या कशाला पायजेत?"

"पाहुण्यांना दाखवायला."

"पाव्हण्यांस्नी पोरगी दावायची का अळ्या?" असं म्हणत साळूबाईंनी तगरीवरच्या चार गलेलठ्ठ हिरव्या अळ्या काढून दिल्या. चिंतामणरावांनी डोळे मिटून त्या आंब्यावर सोडल्या. दिवाणखान्याच्या खिडकीतून आंबाच तेवढा नीट दिसायचा.

पाहुणे आले. मुकुल दिवाणखान्यात खिडकीशी बसला. क्षमाताई मात्र पाण्याचा पेला तसाच ठेवून बागेत गेल्या आणि आंब्यापाशी थबकल्या.

"चिंतामणराव, ही तर तगरीवरची अळी. आंब्यावर?"

"आमच्याकडे आंब्यावरच असते," चिंतामणराव म्हणाले. "पहिल्यापासून."

क्षमाताईंचा चेहरा उजळला. "तीस वर्षांत असं पाहिलं नाही हो! आत्ताच्या आत्ता तुमच्या नावानं आमच्या अळीवाल्यांच्या ग्रुपवर टाकते."

"नको, नको!"

"संकोच कसला? फक्त पान खाताना एक फोटो हवा." त्यांनी स्टूल मागवलं, वहीत एक ओळ टिपली आणि बसल्या.

अळी पानाच्या टोकापर्यंत गेली आणि परत फिरली. अर्धा तास झाला, पोहे गार झाले, तरी अळीनं पानाला तोंड लावलं नाही. "उपाशी आहे बिचारी," क्षमाताईंचा आवाज ओला झाला. मग खिडकीतल्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "बघ मुकुल, एवढं सापडलंय, पण माणसाला गर्व म्हणून नाही!"

हे मात्र चिंतामणरावांना सोसवेना. असं कौतुक ऐकण्यापेक्षा शिव्या परवडल्या. आता खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात कुंपणावरून साळूबाई ओरडल्या, "रावसाहेब, तगरीचा पाला देऊ का? सकाळी माज्याकडं बकाबका खात व्हत्या की!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं चिंतामणरावांना झालं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "चुकलं, ताई," ते हात जोडून म्हणाले. "बागेत एकही अळी नव्हती. सईला तर यातलं काहीच माहीत नाही." दारात उभ्या असलेल्या सईकडे बघायची त्यांची हिंमत होईना. पाहुण्यांपेक्षा तिचीच लाज जास्त वाटत होती.

क्षमाताईंनी वहीतली ओळ सावकाश खोडली आणि सईला विचारलं, "तुला अळ्या मुळीच आवडत नाहीत का गं?"

सईनं एकदा बापाकडे पाहिलं. "नाही, काकू. किळस येते."

संपलं सगळं, असं म्हणून चिंतामणरावांनी डोळे मिटले.

"मलाही येते," मागून आवाज आला. मुकुल हातात पोह्यांची बशी घेऊन उभा होता. "लहानपणापासून. फ्रिज उघडला की दह्याशेजारी बरणी."

क्षमाताईंच्या हातातला पेन खाली पडला. "अरे, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू कधी विचारलंच नाहीस, आई."

सई खुदकन हसली, आणि तिला हसताना पाहून मुकुलही. ती दोघं बोलत बोलत आत निघून गेली. क्षमाताई मान खाली घालून पुन्हा स्टुलावर टेकल्या. चिंतामणराव समोरच्या पायरीवर तशीच मान घालून बसले होते. दोघांपैकी एकालाही आत जायचं धैर्य होईना.