हवेचे कालवा निरीक्षक

दशरथभाऊ रोज सकाळी गाडीची पूजा करतात, असं साकोलीतल्या आमच्या गल्लीत नव्याने राहायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. देखावा तसाच असतो. दारात करड्या रंगाची जुनी डिझेल गाडी, तिच्या तोंडासमोर स्टुलावर घरातला टेबलफॅन, आणि मधे उकिडवे बसलेले दशरथभाऊ. हातात पेटलेल्या उदबत्त्यांचा जुडगा, डोळे बारीक. देवळात निघालेल्या एक आजी तर थांबून हात जोडायच्या. एकदा त्यांनी बोनेटवर जास्वंदाचं फूल वाहिलं. भाऊंनी ते उचललं, पंख्यापुढे धरलं आणि सोडून दिलं. फूल बंपरला घासत बाजूला पळालं.

"पाहा गुरुजी," ते मला म्हणाले, "फूल बी आत नाही जाऊन राहिलं. हवा अशीच पळते बाजूनं. चोट्टी!"

तर ती पूजा नव्हती. धूर आत जातो की बाहेर निसटतो, याची तपासणी होती.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मीही त्यातलाच. या इंजिनाला टर्बो असतो. तो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते, आणि तापलेल्या हवेवर इंजिन मरगळतं. म्हणून ती हवा आधी एका जाळीदार डब्यातून फिरवून थंड करतात. तो डबा म्हणजे इंटरकूलर. भाऊंनी गाडीचा मूळचा छोटा इंटरकूलर काढला, नागपूरच्या भंगारातून मोठा आणला आणि थेट गाडीच्या तोंडात, बंपरच्या मागे बसवला. आता समोरचा वारा त्याच्या जाळीतून आरपार गेला की काम झालं. वारा मात्र आजूबाजूच्या फटींतून निसटत होता.

दुसरा कोणी गाडी मेकॅनिककडे घेऊन गेला असता. पण भाऊ पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. नहराचं पाणी शेवटच्या टोकाच्या, म्हणजे टेलच्या, शेतापर्यंत पोचवायचं, यात त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. वरचे लोक पाळ फोडायचे, पाणी मधेच मुरायचं, आणि टेलचा कास्तकार धानाच्या कोरड्या बांधीत उभा राहून भाऊंच्या नावाने बोंबलायचा.

"हवा अना पाणी एकाच जातीचे," भाऊ म्हणायचे. "दोघंबी कामचोर. सोपी वाट दिसली का तिकडे पळाले. इंटरकूलर म्हणजे माह्या टेलचा कास्तकार हाय, गुरुजी. त्याले त्याची पाळी भेटलीच पायजे!"

मग काय, गाडीत नहर खोदणं सुरू झालं. तेलाचे पिपे कापून त्यांनी बंपरपासून इंटरकूलरपर्यंत पत्र्याची नाली केली. फटी बुजवायला घरातली गादी फाडून फोम काढला. समोरचे धुक्याचे दिवे म्हणजे अतिक्रमण, ते हटवले. नंबरप्लेट वाऱ्याच्या तोंडावरच होती, ती एका कोपऱ्यात तिरपी लावली. हायवेवर पोलिसाने आम्हाला अडवलं.

"नंबरप्लेट तिरपी काहून?"

"सरळ होती साहेब. पण टेलले पाणी नव्हतं पोचून राहिलं."

यावर पोलिसाने एक प्रश्न विचारायची चूक केली. "कोणतं पाणी?" भाऊ खाली उतरले. रस्त्याकडेच्या मातीत काडीने नहर काढला, त्याला फाटे काढले, कोणता कास्तकार कुठे बसतो ते दाखवलं. शेवटी पोलिसाने टोपी काढून घाम पुसला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "घेऊन जा जी यायले."

नंतर घरातला स्वेटर उसवून काढलेले लाल लोकरीचे तुकडे गाडीच्या तोंडावर चिकटले. कोणता तुकडा कुठे फडफडतो यावरून म्हणे हवेची वाट कळते. आमचा दूधवाला सायकल थांबवून म्हणाला, "भाऊ, पोळा आताच आला का? बैल त मस्त सजवला!" भाऊंना राग आला नाही. त्यांनी त्यालाच गाडीसमोर उभं करून कोणता तुकडा जास्त हलतो ते पाहायला लावलं. त्या दिवशी गल्लीत दूध नासलेलं मिळालं.

आणि एसी! एसीची जाळी इंटरकूलरला खेटून पुढे उभी होती. "हा पाहा वरचा कास्तकार, सारं हाच ओढून राहिला," असं म्हणत भाऊंनी एसी मुळापासून उपटून टाकला. भंडारा जिल्ह्यात. एप्रिल महिन्यात.

हा उपद्व्याप कशासाठी, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. शोभावहिनींना भाऊंनी नोकरीभर मोटरसायकलच्या मागे बसवून फिरवलं. रिटायर झालो की तुला गाडीत बसवीन, हा शब्द. तो पाळला. लेकीच्या बाळंतपणासाठी दोघं याच गाडीने छत्तीसगडात दुर्गला निघाले. देवरीच्या पुढे चढावर भर उन्हात गाडीने दम सोडला. ती बैलगाडीच्या चालीने सरकतेय, मागे ट्रकांचे भोंगे, ड्रायव्हरांच्या हिंदी शिव्या. वहिनी उतरल्या, पिशवी घेतली, मागून आलेल्या बसला हात दाखवून आत बसल्या आणि खिडकीतून म्हणाल्या, "हे गाडी चढायले लागली का या मले न्यायले. तोवर मी लेकीपाशीच राहीन."

नातू झाला, रांगला, भिंतीला धरून चालायला लागला. वहिनी तिकडेच, गाडी इकडेच.

"भाऊ, गोंदियाहून रेल्वे आहे," मी एकदा म्हणालो. माझ्यासारख्या मुखदुर्बळासाठी हे भाषणच होतं. मी शाळेत मराठी शिकवतो आणि घरी आलो की तोंड मिटतो. मधे मधे न बोलणारा माणूस म्हणूनच भाऊंनी मला मदतनीस नेमलं असावं.

"तिनं गाडी म्हणली हाय," भाऊ म्हणाले. "रेल्वे म्हणली असती त रेल्वेनं गेलो असतो."

त्यांनी स्वतःला अट घातली होती. साकोलीजवळच्या मोहघाट्याच्या चढावर इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या तापमानाचा आकडा पन्नासच्या आत आला, की दुसऱ्या दिवशी दुर्ग. गाडीला एक छोटं यंत्र खुपसलं की तो आकडा मोबाइलवर दिसे, आणि तो वाचायचं काम माझं. गेट उघडणाऱ्याने पाणी मोजू नये, असा त्यांचा खात्यातला नियम होता. म्हणून रविवार आला की आम्ही दोघं खिडक्या उघड्या टाकून, भट्टीतल्या भाकरीसारखे फुगत, मोहघाट्याला जायचो.

एका रविवारी फारच उलटं झालं. चिखल उडू नये म्हणून भाऊंनी गाडीच्या पोटाला खालून सगळा पत्रा ठोकून घेतला होता. चढ लागला आणि आकडा सुटलाच. पासष्ट, सत्तर, त्याच्याही वर. भाऊंनी गाडी मोहाच्या झाडाखाली घेतली आणि डोकं धरून बसले. मग एकदम उठून असे ओरडले, की झाडावरची माकडं पळाली.

"सांडवा! गुरुजी, सांडवा!"

मला वाटलं, ऊन लागलं.

"म्या बिनसांडव्याचा तलाव बांधला न बापा! हवा आत घेतली, अना जायले वाटच नाही ठेवली. भरला तलाव आणखी पाणी कायले आत घेईन? साऱ्या जिल्ह्याले सांडवे दाखवत फिरलो, अना माह्याच गाडीले सांडवा नाही!" एवढं बोलून ते खदखदा हसले आणि पाना घेऊन तिथेच गाडीखाली शिरले.

बाहेर फक्त त्यांचे दोन पाय. येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने ते पाहिलं, बस थांबवली, चार माणसं धावत आली आणि पाय धरून भाऊंना ओढायला लागली. "जिंदा हाय, जिंदा हाय!" कोणीतरी म्हणालं. आतून आवाज आला, "सोडा बे! सांडवा काढून राहिलो!" कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी हसू आवरायला तोंडात रुमाल कोंबला होता. त्याला वाटलं, मी रडतोय. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पत्रा निघाल्यावर आकडा खरंच उतरला. पण पन्नासच्या आत काही येईना. पुढच्या रविवारी पुन्हा चढ, पुन्हा उतार, पुन्हा चढ. अंगातला शर्ट पिळून निघत होता, पोटात कावळे ओरडत होते, घरून बायकोचे फोन. "किती?" भाऊंनी विचारलं. पडद्यावर अठ्ठावन्न होते.

"एकोणपन्नास," मी म्हणालो.

का म्हणालो? भूक लागली होती म्हणून. याहून चांगलं कारण मला आजवर सापडलेलं नाही. वाटलं होतं, ते टाळी देतील, नाचतील. त्यांनी गाडी हळूच बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत राहिले. "मंग आता जाच लागते," एवढंच म्हणाले.

पण गेले नाहीत. सोमवारी गाडी धुतली. मंगळवारी पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. मग पुन्हा गाडी धुतली. सकाळच्या उदबत्त्या बंद, पंखा घरात गेला. माझा इकडे जीव टांगलेला. हा माणूस माझ्या आकड्यावर विसंबून निघेल, देवरीच्या चढावर पुन्हा तसाच अडकेल, आणि या वेळी वहिनी कायमच्या तिकडे राहतील. शेवटी मी त्यांच्या ओसरीवर गेलो.

"भाऊ, तो आकडा खोटा होता. अठ्ठावन्न होते."

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "तुमच्या मोबाइलचा पडदा काचेत दिसते न मले."

"मग बोलला का नाहीत?"

"कायले बोलू? म्या म्हटलं, बरं झालं. कोणीतरी जा म्हणायले पायजे होतं."

"मग गेला का नाहीत?"

भाऊंनी पायाजवळचा लोकरीचा तुकडा उचलला आणि बोटाला गुंडाळायला लागले. "गाडी त चढते जी आता. अठ्ठावन्न असो का साठ, चढते. पण तिथं गेलो अना ते म्हणली, मी इथंच बरी हाय, त? आता कोणी विचारलं त सांगता येते, गाडी बनून राहिली. मंग काय सांगू?"

घरात माझ्याइतकं कमी बोलणाऱ्या माणसाला ही भीती काय असते ते कळतं. ते असो. मी एवढंच म्हणालो, "मी येतो संगं."

उघड्या खिडक्यांतून लू अंगावर घेत आम्ही दुर्गला गेलो. देवरीचा चढ लागला. गाडी न कुरकुरता चढली, दोन ट्रक मागे टाकले. भाऊंनी आकडा विचारला नाही आणि मी सांगितला नाही.

वहिनी दारात आल्या. गाडीचं कापलेलं तोंड, पत्र्याचे ओठ, लाल लोकर पाहून त्या चौकटीला धरून हसत सुटल्या. "अवं माय! हे काय केलं जी गाडीले?"

"चढते आता," भाऊ म्हणाले आणि आपल्या चपलांकडे पाहू लागले.

"एसी लागते का?"

"काढून टाकला."

"काहून?"

"हवेसाठी."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. त्या आत गेल्या. भाऊ धुतलेल्या काचा पुन्हा पुसत उभे राहिले. एक काच पुसून झाली, दुसरी झाली. मग वहिनी आल्या, एका हातात पिशवी, डोक्यावर ओला टॉवेल.

"चाला लवकर. नातू निजला हाय तवरच निघू. उठला त सोडनार नाही मले."

परतीला त्या पुढे भाऊंजवळ बसल्या, मी मागे, सवयीने मोबाइल हातात. राजनांदगावपर्यंत त्या भाऊंना झापत होत्या: गादी, एसी, स्वेटरची लोकर, एकेका गोष्टीवरून. नंतर आवाज बारीक होत गेला आणि मान खिडकीकडे कलली. ऊन उतरलं होतं, पण वारा अजून भाजत होता. घाट लागताच भाऊंनी गाडी इतकी हळू केली, की मागे भोंगे सुरू झाले. समोरून वारा मिळेना आणि आकडा वर निघाला. साठ ओलांडले, पासष्ट ओलांडले.

"भाऊ, जरा हाणा," मी पुढे झुकून म्हणालो. "हवा नाही लागून राहिली इंटरकूलरले."

भाऊंनी बटण दाबून वहिनींच्या बाजूची काच वर घेतली. मग आपल्या बाजूचीही घेतली. गाडीत एकदम शांत झालं.

"हळू बोला, गुरुजी," ते म्हणाले. "झोपली हाय ते."