माघार समितीची आगेकूच

चूक होणे हा मनुष्यस्वभाव आहे. ती मागे घेणे हा मात्र प्रशासकीय निर्णय आहे. म्हणूनच दवाखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या त्या दूरदर्शी कंपनीत, बिघडलेली आवृत्ती काढून जुनी बसवायला एक आज्ञा पुरत असूनही, त्या आज्ञेवर लक्ष ठेवायला माघार समिती नेमलेली होती. (कागदोपत्री 'मागील दिशेने प्रगती समिती'. माघार हा शब्द अपशकुनी.)

आज्ञा टाइप करणारे बोट तिथे तंत्रज्ञ असलेल्या जावईबापूंचे. सोमवारी नवी आवृत्ती सगळ्या दवाखान्यांत चढली आणि प्रत्येक रुग्णाला, दुखणे काहीही असो, दंतवैद्याची वेळ देऊ लागली. जावईबापूंचे हात शिवशिवत होते, तोच सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, दुखतोय गुडघा आणि मला दातांच्या रांगेत बसवलंय!"

"आई, तोंड मिटून बसा. मी परवानगी काढतो."

समिती बसली. ब्याण्णव टक्के लोकांनी नव्या आवृत्तीला पाच तारे दिले होते (तारे दिल्याशिवाय पडद्यावरची ताऱ्यांची चौकट बंदच होत नसे). "लोक खूश आहेत, घाई कसली?" समितीचे साहेब म्हणाले. उरलेल्या आठ टक्क्यांसाठी उपसमिती नेमली गेली. शिवाय आपण हातावर हात धरून बसलो असा ठपका नको, म्हणून प्रत्येक चर्चेनंतर एकेक किरकोळ सुधारणा सोडण्यात आली: बटण निळे, बटण पुन्हा हिरवे, दाताचे चित्र अधिक हसरे. प्रत्येक सुधारणा म्हणजे नवी आवृत्ती आणि यंत्रणा मागच्या दहाच आवृत्त्या लक्षात ठेवते, हे जावईबापूंनी दबकत सांगितले. त्यांचे म्हणणे इतिवृत्तात घेण्यात आले. (इतिवृत्तात घेतलेले ऐकावे लागत नाही.)

दहाव्या सुधारणेनंतर परवानगी मिळाली. जावईबापू एकेक आवृत्ती मागे गेले. हसरा दात, हिरवे बटण, निळे बटण, आणि सर्वांत मागे सोमवारचीच बिघडलेली. त्याआधीची धड आवृत्ती पुसली गेली होती. त्यांना रडूच आले.

घरी सासूबाई गालाला हात लावून बसल्या होत्या. "धडधाकट दाढ काढली हो! डॉक्टर म्हणाले, यंत्रात आलंय म्हणजे असणारच."

"आई, तिथंच तक्रार का नाही केलीत?"

"करतच होते. पण ती ताऱ्यांची चौकट मध्ये आली. म्हटलं, टाका पाच, जाईल एकदाची."

सासूबाईंना हसणाऱ्या वाचकाने शेवटचे पाच तारे आपण कशाला दिले, ते आठवून पाहावे. आठवत नसल्यास हरकत नाही. समितीने ते ब्याण्णव टक्क्यांत धरले आहेत.