मातोश्री चाकाच्या खुर्चीस बसल्या नाहीत, ती हकीकत

॥ श्री ॥ वेशीवरचा मारुती, वाटेवरचा म्हसोबा आणि आभाळी मोकळे फिरणारे नवग्रह, या सर्वांस दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, कार्तिकमास, ते समयी एका राज्यात वर्तमान जाहले ते कानी आले तैसे लिहिले. पदरचे मीठ घातले असेल ते चवीपुरतेच. प्रथम लाभाचा हिशेब मांडितो, तो ऐसा जे, पुत्राने आईस बिझनेस क्लासाचे उंची आसन देऊन परदेशी बोलाविले, तर त्यात पुत्राचे काय साधते? एक तर भाऊबंदांत वाहवा, की पोरगा असावा तर ऐसा. दुसरे, तसेच आसन सासूबाईंसही दिले, म्हणोन घरात शांतता. आणि तिसरे, जे सर्वांत मोठे, ते हे की आई एकदा पाय पसरून, गरम टॉवेलाने तोंड पुसत, आयती उचलून आणल्यासारखी आली की तिला कळून चुकावे, आता आपल्याच्याने एकटीने होत नाही. आणि मग तिने कागदावर सही करावी. कागद कसला, तर राज्यविक्रीचा. राज्याचे नाव पुसू नये. तीन खोल्या, एक सज्जा, तळास एक मोटार उभी राहील इतकी जमीन, इतकाच मुलूख. परंतु चतुःसीमा पक्क्या आणि भाव रोज चढता. येथे कुमुदिनीबाईसाहेब मातोश्री यजमान निवर्तल्यापासून एकहाती गादी चालवीत होत्या, वर इमारतीच्या सभेचा कारभारही त्यांचेच हाती, आणि पाण्याच्या टाकीवरून भल्याभल्यांस त्यांनी खाली बसविले होते. हे राज्य विकावे, त्या पैक्यात परदेशी घरास दोन खोल्या वाढवाव्या, एकीत आई, दुसरीत सासूबाई, ऐसा नकाशा पुत्र हृषीकेशराव यांनी काढून ठेविला होता. त्यास लोभी म्हणावे तर तसाही नव्हता. आईची काळजी खरी आणि खोल्यांचा नकाशाही खरा; ज्या काळजीत आपलेही थोडे साधते ती काळजी मनुष्य फार जीव लावून करितो.

दर आदितवारी काचेच्या पाटीवर दरबार भरे. पुत्र तिकडून, मातोश्री इकडून, आणि सूनबाई गौतमीबाई अर्ध्या कपाळापुरत्या. तेथे पुत्राने सांगितले की वाटेत एका परमुलखात विमान बदलावे लागते, मध्ये वेळ थोडा, विमानतळ अफाट, "म्हणून आई, तुझ्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवलीय." मातोश्री बोलिल्या, "मला काय झालंय?" पुत्र म्हणे, "काही झालेलं नाही गं, सगळेच आईवडिलांसाठी सांगतात. बसलं की तो माणूस थेट दुसऱ्या विमानात नेऊन सोडतो. रांग नाही, चुकायची भीती नाही." तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "धडधाकट बाईनं लंगडं व्हायचं, ते का, तर रांग नको म्हणून?" मग पुत्राच्या तोंडून जे पोटात होते ते निसटले, की "आई, तिथला सरकता जिनासुद्धा तुला जमायचा नाही. आणि हे जमत नाही तर घर तरी एकटीनं किती दिवस रेटणार आहेस?" ऐसे म्हणताच पाटीवरून सूनबाईंचे अर्धे कपाळही दिसेनासे जाहले. मातोश्रींनी चष्मा पुसला, पुन्हा लाविला आणि शर्त घातली ती येणेप्रमाणे: "ऐक. मधलं विमान मी माझ्या पायांनी गाठलं, तर घर विकायचं नाव पुन्हा काढायचं नाही. त्या खुर्चीत क्षणभर जरी टेकले, तरी तुझ्या दारात पाऊल टाकल्याबरोबर सही करते." पुत्राने मनात आनंद मानून रुकार दिला, कारण आईस तो ओळखीत होता, दिंडीदरवाजा ओलांडताना देखील ती आधी उंबरठा निरखून पाही.

मग मोहिमेची तयारी मांडली. मातोश्रींनी पोरे घालतात तैसे पांढरे बूट खरेदी केले, आणि नेसत्या साडीवर ते घालून नगरातील मोठ्या बाजारघरी जाऊ लागल्या, जेथे सरकता जिना अष्टौप्रहर चालतो. पहिले दिवशी जिन्यापाशी उभ्या राहून परत आल्या. दुसरे खेपेस एका बाईने हात पुढे केला, त्यास "नको, माझं मला" म्हणोन पाय टाकिला, आणि निऱ्या सावरताना तोल गेला, आणि गुडघा फुटला, आणि त्या तैशाच वर पोहोचल्या, आणि वर जाऊन खाली उतरावे कैसे हे ठाऊक नव्हते म्हणोन पुष्कळ काळ वरच बसून उसाचा रस प्याल्या. परंतु सोडिले नाही. शेवटी ऐसे जाहले की जिन्यावर उभ्या राहून त्या पिशवीतील भाजी निवडीत. मग मधल्या विमानतळाचा नकाशा पाठ केला. कोठे बाण, कोठे पुन्हा झडती, कोठून आगगाडी, सर्व मुखोद्गत. इकडे राज्यातील सरदार मानकऱ्यांस वार्ता लागली की उंची आसनवाल्यांस सामानाचे वजन दुप्पट नेता येते. तेव्हा एकेक जण पुरचुंड्या घेऊन दाराशी आला. कोणाच्या भाच्यास भाजणी, कोणाच्या लेकीस डिंकाचे लाडू, आणि वरच्या मजल्याच्या देशपांड्यांनी तर पुरुषभर उंचीची समई कापडात गुंडाळून आणिली, म्हणाले, "वहिनी, तुमचं वजन शिल्लक आहेच ना?" मातोश्री बोलिल्या, "वजन माझं आहे, टेम्पो नाही. समई पेटवायची असेल तर तुम्ही स्वतः घेऊन जा, उजेडही तुमचाच पडेल." देशपांडे समई खांद्यावर टाकून परत गेले. एक आटोपशीर पेटी आणि एक खांद्याची थैली, इतक्यावर मातोश्रींनी कूच केले.

बरोबर पुष्पलताबाई, सूनबाईंच्या मातोश्री, म्हणजे यांच्या विहीणबाई. देह भारी, स्वभाव गोड, आणि आयते मिळते ते सोडू नये हे व्रत. त्या आपल्या नगरच्या विमानतळावरच खुर्चीत बसल्या त्या ऐसपैस, जणू बारशास आल्या. "अहो विहीणबाई, पाय मोडलेत का?" मातोश्रींनी विचारिले. "पाय चांगले आहेत हो. पण फुकट मिळतंय, शिवाय ढकलणारा मुलगा नम्र आहे. तुम्हीही बसा. हट्टानं काय मिळणार?" "माझं घर," मातोश्री म्हणाल्या. त्यावर विहीणबाई उगाच दुसरीकडे पाहू लागल्या, कारण नकाशातील दुसरी खोली त्यांची होती, आणि त्या खोलीच्या पडद्यांचा रंगही त्यांनी लेकीशी बोलून ठरविला होता. मग विमानी आरूढ जाहल्या. तेथे आसनाचा पलंग होतो, तो विहीणबाईंनी सर्व कळा दाबून इतके वेळा केला आणि मोडला की सेविका येऊन हात जोडून उभी राहिली. खाणे आले, पांढऱ्या कापडावर, काट्यासुरीसह. विहीणबाईंनी दोनदा मागविले. मातोश्री मात्र ताठ बसल्या, निजल्या नाहीत, बूट सोडिले नाहीत, न जाणो झोप लागली आणि पायांस मुंग्या आल्या तर. आणि पुत्राने मोजून दिलेला तो पलंग त्यांच्याखाली फुकट गेला.

परंतु दैव आडवे आले. मधल्या मुलखावर उतरण्यास जागा मोकळी नाही म्हणोन विमान घिरट्या घालीत राहिले आणि उतरले तेव्हा वेळ निम्म्याहून अधिक गेला होता. दाराबाहेर पाहतात तो खुर्च्यांची रांग, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी, आणि ढकलणारा शिपाई एकच. खुर्च्यांत बसलेली मंडळी पाहावी तर कोणी रोज सकाळी टेकडी चढणारे, कोणी नवरात्रात फेर धरणाऱ्या. त्या सगळ्यांत खरा अधू एक म्हातारा होता, तो काठीवर भार देऊन भिंतीशी उभा, कारण त्यास खुर्ची उरली नव्हती. मातोश्रींच्या नावाची खुर्ची रिकामी होती. शिपाई आपल्याच देशीचा निघाला. त्याने नाव पुकारिले. मातोश्री म्हणाल्या, "ही बाई आली नाही म्हणून लिहा आणि या आजोबांना बसवा," आणि चालू लागल्या. बाण ओळखीचे, वळणे पाठ, झडतीत बूट काढिले आणि घातले, आणि पुढे सरकता जिना लागला त्यावर पाय ठेवणार, इतक्यात वरच्या पाटीवर पाहिले तो त्यांच्या विमानाच्या नावापुढे तांबडा दिवा, की दार मिटण्याची वेळ जवळ आली. मागे वळून पाहिले. विहीणबाई नाहीत. त्या रांगेतच.

येथे मातोश्रींचे मनात जे आले ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पुढे गेले तर राज्य वाचते, आणि मागे राहते ती दुसऱ्या खोलीची मालकीण. याहून बरा सौदा कोणता? त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग स्वतःसच "मेली खोली" म्हणाल्या आणि माघारी फिरल्या. रांग होती तेथेच होती. "उठा विहीणबाई, दार मिटतंय." विहीणबाई कुजबुजल्या, "कशी उठू? इतका वेळ कण्हत बसलेय. आता ताडकन उठले तर हे सगळे काय म्हणतील?" "विमान गेल्यावर काय म्हणतील?" "अहो, तो शिपाई बघतोय!" उठावे तर खोटे पडतात, बसावे तर विमान जाते, ऐशा पेचात विहीणबाई खुर्चीचे दोन्ही हात धरून रडकुंडीस आल्या. मग मातोश्रींनी आपली थैली त्यांच्या मांडीवर टाकिली, खुर्ची मागून धरिली आणि शिपायास म्हणाल्या, "ही मी नेते." त्याने एक ओझे कमी जाहले म्हणोन सलाम केला. आता खुर्चीसह सरकता जिना चालत नाही. इतके दिवसांचा सराव तेथेच पडला, आणि उद्वाहक, म्हणजे लिफ्ट, कोठे हे त्यांनी पाठ केले नव्हते. तेव्हा पुसत पुसत, कोणास हिंदीत, कोणास हाताने, कोणास नुसते डोळे वटारून, वाट काढीत निघाल्या. जिने लग्नात मांडवात मातोश्रींचे पाय धुतले, ती मुलीची आई बसलेली, आणि मुलाची आई घाम गाळीत ढकलीत आहे, हे उलटे राज्य पाहून विहीणबाई पदर तोंडाशी नेऊन म्हणाल्या, "अहो, माझ्या माहेरी कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही हो." मातोश्री धापा टाकीत बोलिल्या, "तोंड हवं तर झाका, पण पाय आत घ्या, दारांना अडकतायत." उतार आला तेथे खुर्ची धावली आणि मातोश्री मागे लोंबकळल्या, आणि चढ आला तेथे एक अरब गृहस्थ मदतीस आला त्यास "नको, माझं मला" म्हटले, आणि दार मिटता मिटता दोघी आत शिरल्या, आणि सेविकेने पुष्पलताबाईंस अधिक दया करून अधिक उशी दिली.

मग परदेशी उतरल्या. विमानतळाच्या दरवाज्यात पुत्र आणि सूनबाई गुच्छ घेऊन उभे. मातोश्री पायी, विहीणबाई नव्या खुर्चीत, मागे नवा शिपाई. हृषीकेशरावांनी आईस नमस्कार केला आणि हसून म्हणाले, "आई, पहिलं विमान किती उशिरा उतरलं ते मी इथून पाहत होतो. एवढ्या वेळात ते दार पायी गाठणं तरण्या माणसालाही शक्य नाही. खरं सांग, बसलीस ना?" मातोश्री म्हणाल्या, "नाही." पुत्र म्हणे, "आई, शर्त शर्त असते." "मी सांगितलं. पुन्हा सांगणार नाही," ऐसे बोलून त्या मान ताठ करून उभ्या राहिल्या, आणि साक्षीस ज्या एकच होत्या त्यांच्याकडे नजरही वळविली नाही. तेव्हा पुत्राने सासूबाईंस विचारिले. सूनबाईंनी आपल्या आईकडे ऐसे पाहिले की त्यात खोली, पडदे आणि पडद्यांचा रंग सर्व आले. पुष्पलताबाईंनी नुसते "काय की बाई, मला डोळा लागला होता" म्हटले असते तरी पुरे होते. परंतु त्या खुर्चीतून उठल्या. शिपाई दचकून मागे सरला. "मम्मी, तुझे गुडघे!" सूनबाई ओरडिल्या. "गुडघ्यांना काही धाड भरलेली नाही. जावईबापू, खुर्चीत मी होते. ढकलत होत्या त्या तुमच्या आई. मी तिथं उठले असते तर त्यांना ढकलावंही लागलं नसतं; लाजेनं उठले नाही. मुलाच्या आईनं मला ढकलत आणलं, हे आता चार लोकांत मीच सांगते." हृषीकेशराव गुच्छ आईच्या हाती देऊन बोलिले, "कागद गाडीतच आहेत, आई." मातोश्री म्हणाल्या, "असू देत. घरी गेल्यावर त्यावर मेथी निवडू."

ऐसे वर्तमान जाहले. आता खर्च कोणास पडला ते लिहोन लेखणी ठेवितो. दोन उंची आसनांचा खर्च पुत्राने सोसला आणि वर शर्त हरला. सूनबाईंच्या वाढीव खोल्या नकाशातच राहिल्या. मातोश्रींचे खांदे भरून आले, आणि पलंगावर पाठ टेकली नाही ते नुकसान त्यांच्या ताठ्याच्या खाती. परंतु राज्य जे राहिले त्याचे मोल यांपैकी कोणी दिले नाही. ते पुष्पलताबाईंनी दिले. खोली गेली, लेक रुसली, परतीच्या वाटेस खुर्ची मागण्याचे तोंड उरले नाही. आणि दिले ते लेकीच्या डोळ्यांदेखत, भर दरवाज्यात, उभ्याने.