पाठीमागचं काढणारे दळवीकाका

दळवीकाका माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या मागे बघत. तुम्ही समोर उभे राहून बोलत असाल, तर त्यांची नजर तुमच्या कानाजवळून पलीकडे गेलेली असायची. नवख्या माणसाला वाटायचं, मागे कोणी आलंय. तो वळून बघायचा. मागे भिंत असायची.

"भिंत बरी," काका म्हणायचे. "भिंतीवरून माणूस लवकर सुटतो."

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी त्यांना मुलाचा फोटो दाखवला. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "मुलगो बरो आसा गो. पण ह्याच्या डोक्यातून कूलर कशाला निघालाय?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा जरा रागावला की मला तो कूलर दिसतो.

लालबागला आमचं बॅनरचं दुकान. वडील गेल्यावर मी ते चालवायला घेतलं आणि दुकानाबरोबर काकाही माझ्याकडे आले. ते मूळचे मिलच्या छपाई खात्यातले. संपात बाहेर पडले ते बाहेरच राहिले. पुढे शिवडीच्या गोदामावर वॉचमनकी केली, बायको गेल्यावर काही दिवस गावी राहिले, तिथेही करमेना म्हणून परत आले. पन्नाशी उलटल्यावर वडिलांनी त्यांच्या हातात माऊस दिला. फोटोतल्या माणसाच्या पाठीमागचं सगळं काढून टाकायचं आणि माणूस तेवढा ठेवायचा, हे त्यांचं काम. हे काम त्यांच्या अंगात इतकं भिनलं की कोणी तापातून उठलेला दिसला तरी विचारायचे, "मागचं गेलं का सगळं?"

मागचं काढलं की कॉम्प्युटरवर त्या जागी राखाडी-पांढरे चौकोन दिसतात. तिथे काही नाही, असा त्याचा अर्थ. गिऱ्हाइकांना हे पटत नसे. एकदा एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता वाढदिवसाचा बॅनर बघायला आला आणि भडकला. "साहेबांना संडासाच्या टाइल्ससमोर उभं केलंय?"

"टाइल्स नाहीत त्या," काका शांतपणे म्हणाले. "तिथं काहीच नाहीये."

"काहीच नाही म्हणजे? साहेबांच्या मागे अख्खा वॉर्ड आहे."

"तो मागाहून घालू."

त्यांचं खरं वैर होतं जेपीजीशी. पीएनजीमध्ये फाइल ठेवली की मागची मोकळी जागा मोकळीच राहते. तीच फाइल जेपीजी केली की मोकळ्या जागेत पांढरा रंग भरला जातो, आणि माणूस पांढऱ्या चौकटीत अडकतो. आम्ही छपाईला वडाळ्याला पाठवायचो. तिथल्या ऑपरेटरने एकदा न विचारता फाइल बदलली, आणि लालभडक बॅनरवर गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष पांढऱ्या चौकटीत छापून आले. अगदी पोस्टाच्या तिकिटासारखे. तेव्हापासून काका फाइल मेल करू देत नसत. पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात घालून, वर रुमाल कोंबून, स्वतः वडाळ्याला जात आणि मशीनमधून बॅनर बाहेर येईपर्यंत ऑपरेटरच्या मानेशी उभे राहत. तो ऑपरेटर त्यांना 'सासूबाई' म्हणायचा.

वाढदिवसाची कामं सणासुदीला. एरवी बरीचशी कामं श्रद्धांजलीची. त्या वर्षांत परळ-लालबागमध्ये मिलमधली माणसं साठीला न पोचताच जात होती. कोणाची छाती, कोणाची दारू, कोणाचं काय ते घरचे सांगत नसत. एकट्याचा धड फोटो मात्र कोणाचाच नसायचा. कोणाच्या तरी लग्नातला, पंगतीतला, हातात आइस्क्रीमचा कप असलेला. काका कप काढत. कप गेला की हात नुसताच अधांतरी राही, म्हणून हात काढत. असं करत करत माणूस छातीपर्यंत उरायचा. "चल," काका त्याला म्हणायचे, "आता बरा दिसतोस."

एका दुपारी घोडपदेवहून साळुंखेबाई आल्या. साताऱ्याकडच्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. नवरा गेल्याला आठ दिवस झाले होते. चाळीच्या तोंडाशी लावायला बॅनर हवा होता. फोटो संपाच्या आधीचा, खात्यातल्या पूजेचा. दहाबारा माणसं दाटीवाटीने उभी. त्यांनी एका चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"एवढेच ठेवा. बाकी समदं काढा. त्यातलं कोणी आता आमचं न्हाई."

काका पार्टिशनच्या मागून चहाचे ग्लास घेऊन बाहेर आले. बाईंनी वर पाहिलं आणि पदर पुढे ओढला.

"भावजी, तुम्ही हितं असता?"

काकांनी ग्लास खाली ठेवले आणि फोटो उचलला. या वेळी ते आधी चेहऱ्याकडे बघत होते.

"तुम्हाला जमणार नसंल तर दुसरीकडं बघते," बाई म्हणाल्या.

"उद्या संध्याकाळच्या आत लागेल," काका म्हणाले.

त्या गेल्यावर ते कामाला बसले. मी विचारलं नव्हतं. तेच बोलायला लागले, नजर पडद्यावर ठेवून.

"म्हादू माझ्या शेजारच्या टेबलावर होता. डबा एक, विडी एक. संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. ह्याची पोरगी हॉस्पिटलात. एका सकाळी हा पोलिसांच्या गाडीतून मिलमध्ये कामावर गेला. आम्ही गेटवर उभे. संध्याकाळी बाहेर आला तेव्हा मी त्याच्या तोंडावर थुंकलो."

"तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार. बाहीने पुसलं. त्यानंतर आम्ही बोललो नाही."

"आणि मुलगी?"

"वाचली ना सुगंधा. नर्स आहे भायखळ्याला. दोन पोरं आहेत तिला." इतकं सगळं त्यांना ठाऊक होतं.

म्हादू साळुंख्यांचे केस कुरळे होते. काका एकेक बट सोडवत राहिले. इतका वेळ त्यांनी अध्यक्षांवरही घालवला नव्हता. शेवटी माणूस सुटला, पण डाव्या खांद्यावर पाठीमागून आलेली चार बोटं तशीच होती. फोटोत शेजारी उभ्या असलेल्या तरुणाने त्यांच्या गळ्यात हात टाकला होता. तो तरुण कोण, हे मी त्याच्या पुढे आलेल्या कानांवरून ओळखलं; काकांचे ते अजून तसेच होते.

काकांनी बोटं खोडली. खांद्याला खड्डा पडला. उजव्या खांद्याचा शर्ट घेऊन त्यांनी तो बुजवला. काम साफ झालं होतं. काही कळलंही नसतं. ते खुर्चीत मागे टेकून बघत राहिले. मग त्यांनी केलेलं सगळं उलट फिरवलं आणि बोटं परत आणली.

"काका, बाईंनी सगळं काढायला सांगितलंय."

"सांगितलंय."

"श्रद्धांजलीच्या बॅनरवर दुसऱ्याची बोटं? त्या घेणार नाहीत."

"नाही घेतला तर दुसरा करीन. माझ्या खर्चाने."

दुसऱ्या दिवशी ते पेन ड्राइव्ह घेऊन वडाळ्याला गेले आणि बॅनरची गुंडाळी खांद्यावर टाकून आले. "तू पण चल गो," मला म्हणाले. "एकट्याक जमूचा नाय." बॅनर बांधायला ते नेहमी एकटेच जायचे. मी दुकानाचं शटर ओढून घेतलं.

घोडपदेवला चाळीच्या तोंडाशी आम्ही बॅनर बांधला. निळं आभाळ, खाली नाव, मधोमध तिशीतले म्हादू साळुंखे हसताहेत, आणि खांद्यावर चार बोटं. येणारे-जाणारे बघून पुढे जात होते. थांबत कोणी नव्हतं.

बाई खाली आल्या. बराच वेळ वर बघत राहिल्या. काका दोरीची गाठ पुन्हा पुन्हा तपासत होते.

"ह्यो हात तुमचा," बाई म्हणाल्या.

"होय. नको असेल तर काढतो. आता काढतो."

"राहू द्या. खात्यातलं तेवढंच कोणी आलं बघा."

काकांनी दोरी सोडली. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"वर येता का?" बाईंनी विचारलं. "पाणी तरी घ्या. संपापासनं तुमच्यातल्या कोणी आमच्या घरचं पाणी घेतलं न्हाई, म्हणून इचारते."

काका जिन्याकडे निघाले. मी मागोमाग गेले. खोली एकच. त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या आणि उंबऱ्याजवळच जमिनीवर बसले. बाईंनी दिलेला तांब्या दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायले. मध्ये ठसका लागला. तरी थांबले नाहीत, सगळं संपवलं. मग तांब्या खाली ठेवून त्यांनी विचारलं,

"सुगंधा ड्यूटीवरून कधी येते?"

"सात वाजत्यात. आज यायचीय हिकडं."

तेव्हा जेमतेम चार वाजले होते.

"मग थांबतो," काका म्हणाले आणि भिंतीला पाठ टेकून बसले.