विमानाच्या आडून

आवाज मोजणाऱ्या बाई मंगळवारी साडेअकराला आल्या, आणि त्यानंतर रत्नप्रभा परबांच्या घरावरून एकही विमान गेलं नाही.

साकीनाक्याच्या त्या इमारतीत हे अशक्य होतं. एरवी दर तीन मिनिटांनी चाकं खाली सोडलेलं एक विमान गच्चीला खेटून उतरायला जाई, आणि तेवढे पंधरा-वीस सेकंद सगळी इमारत अर्धं वाक्य तोंडात धरून बसे. फोनवरच्या नातेवाइकांनाही त्याची सवय झाली होती. झाली नव्हती ती रत्नप्रभाबाईंच्या झोपेला. रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी गोळी आणि शांत झोप, दोन्ही लिहून दिलं. गोळी लगेच मिळाली. झोपेसाठी वर्षभर अर्ज करावे लागले. अशा घरांना दुहेरी काचेच्या खिडक्या बसवून द्यायची एक योजना होती. त्यासाठी आवाज सरकारी माणसाने मोजून लिहायला हवा होता.

मोजायला आलेल्या तेजल गायकवाडने गॅलरीत तीन पायांचा स्टँड उभा करून त्यावर मीटर बसवलं.

"काकू, एक तास मोजणार. शक्यतो बोलू नका, हे सगळं नोंदतं."

दहा मिनिटं गेली. मीटर अठ्ठेचाळीसवर होतं. कावळा ओरडला तेव्हा चोपन्न झालं.

"रोज रांग लागते गं मेल्यांची," रत्नप्रभाबाई कुजबुजल्या. "आजच कुठे उलथली सगळी?"

"पंचावन्नच्या वर जायला हवं, काकू. नाहीतर फाइल बंद होते."

रत्नप्रभाबाई नवऱ्याकडे वळल्या. "फोनवर तुम्हीच म्हणालात ना, मंगळवार चालेल? मला विचारायचं तरी!"

जयवंतराव काही बोलले नाहीत. ते कधीच बोलत नसत, आणि त्यामुळे इमारतीत त्यांना देवमाणूस म्हणत. खरं तर त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असे, फक्त ते विमानाच्या आडून देत. विमान डोक्यावर आलं, की भाजीचा भाव विचारावा तशा चेहऱ्याने ते मनातलं सगळं बोलून टाकत. विमान गेलं की म्हणत, "बरं." या पद्धतीमुळे त्यांचा स्वतःचा रक्तदाब एकशेवीस-ऐंशी होता.

आज विमान नव्हतं आणि उत्तरं साचत चालली होती.

"पोरीसमोर बनियनवर काय बसलात? शर्ट घाला." एक.

"आणि पाय हलवू नका, तेही मोजेल ते." दोन.

"माझा दादा असता, तर त्याने कुणाची तरी ओळख काढून दोन विमानं आणवली असती." तीन. तिसऱ्याला जयवंतरावांच्या कपाळाची शीर उडू लागली.

इतक्यात दुरून घरघर आली. ती वाढत गेली, तावदानं थरथरली. जयवंतरावांचा चेहरा उजळला. ते बायकोकडे वळले आणि साठलेलं सगळं भरभर बाहेर काढू लागले. घरघर मात्र खाली उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरच्या मोटरची होती, आणि टँकरवाल्याने ती नेमकी तेव्हाच बंद केली.

"...आणि तुझ्या दादाने दिलेला तो काचेचा घोडा मांजराने नाही पाडला! मी पाडला! मुद्दाम!"

मीटरवर बहात्तर आले.

"काय म्हणालात?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं. अठ्ठ्याऐंशी. मग त्या दादाबद्दल, घोड्याबद्दल आणि परब घराण्याबद्दल बोलल्या. आकडा नव्वदीच्या खाली येईना.

शेजारच्या गॅलरीतून सुलक्षणावहिनींनी डोकं बाहेर काढलं. "गो रत्ना, कोण इलो? पुरुषाचो आवाज येता!"

"काकू, मर्यादा ओलांडली," तेजल हळूच म्हणाली. "पण इथे आवाज कशाचा तेही लिहायचं असतं."

"विमान लिही ना, बाळा!"

"असं नाही हो लिहिता येत."

तेजलने ऑफिसला फोन लावला. विमानतळाची मुख्य धावपट्टी दुरुस्तीसाठी संध्याकाळी पाचपर्यंत बंद होती. तिने आजची नोंद रद्द केली, गुरुवारी यायचं कबूल केलं आणि स्टँड भराभर मिटला.

पुढचे दोन दिवस जयवंतराव विमानाच्या आडूनसुद्धा बोलले नाहीत. रत्नप्रभाबाईंनी त्यांना चहा दिला, जेवण दिलं आणि घोड्याचं नावही काढलं नाही. त्यामुळे ते जास्तच घाबरले.

गुरुवारी विमानं वेळेवर आली. एक्क्याण्णव, त्र्याण्णव, एक्क्याण्णव. तेजलने फॉर्म उघडला.

"झालं काकू, मंजूर होईल. बेडरूमची एक खिडकी, हॉलच्या दोन. तिन्ही लिहू ना?"

"बेडरूमचीच लिही. मला झोप हवी. हॉल राहू दे."

"अगं, फुकट बसवतायत!" जयवंतराव न राहवून म्हणाले. "राहू दे कशाला?"

"मग तुम्ही बोलायला कुठे जाल?"

जयवंतरावांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"माझे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते," रत्नप्रभाबाई शांतपणे म्हणाल्या. "दोनदोनशे साचे एकदम चालायचे. तिथे कुणी ओरडत नसे, ओठ बघत. घरी आले तरी आमच्याशी तसंच बोलायचे. तुम्ही घोडा पाडलात ना, त्याच संध्याकाळी मला सांगितलंत. मी भात वाढत होते."

"म्हणजे तुला... सगळंच?"

"वीस वर्षं."

"मग परवा एवढी ओरडलीस कशाला?"

"परक्या पोरीसमोर, भर शांततेत बोललात म्हणून. विमानाच्या आवाजात बोलला असतात तर मी काही म्हटलं असतं का?"

तेजलने खाली मान घालून फॉर्मवर "खिडकी: एक" असं लिहिलं.

जयवंतरावांना यावर पुष्कळ काही म्हणायचं होतं, आणि तेवढ्यात विमान आलं. त्यांनी तोंड उघडलं, थबकले, ओठांसमोर हात आडवा धरला आणि मग सविस्तर बोलू लागले.

"हात काढा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

विमान अगदी डोक्यावर होतं. जयवंतरावांना अक्षरही ऐकू आलं नाही. त्यांनी निमूटपणे हात काढला.